रस्त्याची दक्षिण बाजू

इयोनं दार सरकवलं, तेव्हा तो तिच्याच दाराला कागद चिकटवत होता — आणि इतका वाईट चिकटवत होता, की तिला बघवेना.

खळ गुठळ्यांची. कुंचला भिंती रंगवायचा, राठ. कागदाचा वरचा कोपरा बसलेला, खालचा वाऱ्यावर फडफडतोय, आणि मधोमध हे एवढे फुगे! वर पावसाची भुरभुर चालू होतीच.

"अहो, थांबा थांबा! असं चिकटवतात का?"

तो दचकला. तिशीच्या आतलाच असावा. चष्म्यावर थेंब, खांद्याला पिशवी, बगलेत कागदांची जाड गुंडाळी. "नुसता कागदच तर आहे..." तो पुटपुटला.

"नुसता? या दारात कागदाला नुसता म्हणायचं नाही. द्या इकडे तो कुंचला!"

त्यानं तो दिलासुद्धा. इयोनं बोटाच्या टोकानं कागद अलगद सोडवला, डब्यातल्या खळीत दाराजवळच्या पिंपातलं पाणी घालून ती सारखी केली, कागदाच्या पाठीवरून एकच लांब हात फिरवला आणि वरची कड दाराला टेकवून तळव्यानं मधून बाहेर, मधून बाहेर... एक सुरकुती राहिली नाही. तिच्या घराण्यात सात पिढ्या कागदावर नक्षी छापत आलेल्या. ओल्या कागदाचे हाल तिला एखाद्या रडणाऱ्या पोरासारखे बघवत नसत.

"हं! आता पन्नास वर्षं हलायचा नाही," ती हात झटकत म्हणाली.

तो हसला नाही. त्यानं टोपी काढली. "तुम्ही... वाचला नाहीत का?"

मग तिनं वाचला. हवाई हल्ल्यात लागलेली आग पसरू नये, यासाठी या रस्त्याच्या दक्षिणेकडची सर्व घरं पाडण्यात येतील. रहिवाशांनी सात दिवसांत घर रिकामं करावं. खाली शिक्का. बस.

भुरभुर चालूच होती. इयो त्या कागदाकडे बघत राहिली. अगदी सरळ बसला होता, चारी कडा दाराच्या चौकटीला समांतर.

"सातच दिवस टिकायला हवा होता," ती शेवटी म्हणाली. "उगाच कष्ट घेतले."

त्यानं कमरेत वाकून खोल नमस्कार केला, कुंचला उचलला आणि शेजारच्या दाराकडे गेला. पण जाताना... एकदा मागे वळून बघितलं त्यानं. इयोला ते दिसलं, आणि आपल्याला ते दिसलं याचाच तिला राग आला.

युद्धाचं ते शेवटचं वर्ष होतं, पण शेवटचं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. क्योतोवर अजून मोठा हल्ला झाला नव्हता. दहा दिवसांपूर्वी मात्र ओसाका जळालं होतं, आणि इतक्या लांबून त्या दिशेचं आभाळ लाल दिसलं होतं. तेव्हापासून गल्लीत कुणी मोठ्यानं हसत नव्हतं.

बाबांना तिनं सांगितलं, तेव्हा म्हातारा किहेइ छापायच्या पाटासमोर मांडी घालून बसला होता. हल्ली त्याचा हात थरथरायचा, छपाई सगळी इयोच करायची, पण बसायचा तो तिथेच. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे घराच्या फाशीचा हुकूम आपल्या लेकीनंच चिकटवला," तो म्हणाला. "फुगे राहिले का?"

"नाही."

"मग ठीक."

त्याच दिवशी दुपारी तोच माणूस मोजपट्टी आणि वही घेऊन आला. माबुची कोसाकु, कचेरीतला कारकून. किहेइनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

"आलास? ये. फास टाकणारा आधी मापं घेतोच. गळा बघ नीट."

माबुचीनं मान खाली घातली आणि मापं घेतली. पुढची खोली, मधली खोली, न्हाणी. पण मागच्या खोलीच्या दारात आला आणि पट्टी तशीच हातात धरून उभा राहिला. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर ठसे. लाकडाचे, वर्षानुवर्षं खळ आणि हाताचा तेलकटपणा पिऊन काळेभोर झालेले. याच ठशांवर अभ्रकाची पूड खळीत कालवून लावायची, वर कागद ठेवायचा, तळवा फिरवायचा. देवळांच्या आणि मोठ्या घरांच्या सरकत्या दारांवर तो कागद जायचा.

"किती आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"तीनशे बारा," इयो म्हणाली. "तुमच्या कागदात यांचं काय लिहिलंय, कारकूनसाहेब?"

"लाकूड... लाकूड सगळं सार्वजनिक न्हाणीघरांना सरपण म्हणून..."

"म्हणजे आमच्या सात पिढ्यांवर लोक अंघोळ करणार."

"गरम पाण्यानं करतील ना?" आतून किहेइचा आवाज आला. "मग तक्रार नको."

माबुची वही मिटून निघून गेला. इयोला वाटलं, सुटली ब्याद! पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता गल्लीत चाकांची करकर ऐकू आली. दार सरकवून बघते तर हा, हातगाडीच्या दांड्यांमध्ये उभा.

"कचेरीची गाडी आहे. दहापर्यंत रिकामीच असते," तो म्हणाला. "सागा गावात माझ्या थोरल्या बहिणीचं घर आहे. मागे पर्सिमॉनची फळं सुकवायची कोठी आहे, यंदा रिकामी. दीड तासाची वाट आहे."

"आणि हे तुम्ही का करताय?"

त्यानं चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. "तुम्ही माझा कागद नीट चिकटवून दिलात म्हणून."

एका खेपेला पन्नास ठसे. तो पुढून ओढायचा, ती मागून ढकलायची. पहिल्या चढालाच दोघांचा दम निघाला.

"तुम्ही ढकलताय, की नुसत्याच मागून चालताय?" तो पुढून ओरडला.

"तुम्ही ओढताय, की नुसतेच खोकताय?"

"दोन्ही! एकच फुप्फुस आहे माझं, दोन कामं करावी लागतात त्याला. सैन्यानं मला दोनदा परत पाठवलं. डॉक्टर म्हणाला, हा बंदूक उडवायच्या आधी स्वतःच उडेल."

ती हसली. मोठ्यानं हसली... आणि मग तिला कसंसंच झालं. कारण ते ज्या रस्त्यानं चालले होते, तिथली घरं आधीच पाडून झाली होती. एका उंबरठ्यावर एक म्हातारी बसली होती. उंबरठाच तेवढा उरला होता. मागे घर नव्हतं. म्हातारीनं वर बघितलं, इयोनं मान वळवली आणि गाडी जोरानं ढकलली.

पण पहाट तर रोज होणारच, आणि गाडीही येणार. तिसऱ्या खेपेपर्यंत इयोला चाकांची करकर गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायला लागली. त्याआधी ती केसांना पाण्याचा हात लावून घ्यायची.

"ठशांसाठी केस विंचरतेस होय गं?" किहेइ अंथरुणातूनच विचारायचा.

"धूळ बसते केसांत."

"विंचरल्यावर बसते, की आधी?"

माबुचीला कागदाविषयी शंभर प्रश्न असायचे. एका सकाळी वाटेत सर जोराची आली, म्हणून ते एका देवळाच्या वळचणीला थांबले. गाडीवर ताडपत्री, दोघांच्या मध्ये एक उकडलेलं रताळं, तेही अर्धं अर्धं. इयोनं सदऱ्यात जपून ठेवलेला एक नमुन्याचा कागद काढून त्याच्या हातात दिला.

"कोराच आहे की," तो म्हणाला.

"समोरून कोराच दिसणार. अभ्रक पांढरा, कागद पांढरा. मान कलती करा. अजून थोडी..."

त्यानं मान कलती केली, आणि पांढऱ्यावर पांढरं पाणी वाहायला लागलं, ओढ्याचं वळण, त्यात गवताची पाती. तो कितीतरी वेळ तसाच वाकड्या मानेनं बसला.

"म्हणजे नीट दिसायला हवं तर तिरकं बघायचं?"

"हो."

"मग मी गेले चार दिवस बरोबर बघतोय," तो म्हणाला. कागदाकडे नाही, तिच्याकडे — तिरकंच.

इयोच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "रताळं खा. गार होतंय," ती म्हणाली. रताळं कधीच गार झालं होतं.

तिला तो आवडायला लागला होता. आपलं घर मोजायला आलेला माणूस आपल्याला आवडावा, याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही तो आवडतच होता. तिचं वय सव्वीस. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं, तो युद्धाच्या पहिल्याच वर्षी समुद्रात बुडाला होता. त्यानंतर तिनं हा विषय मनातून काढून टाकला होता. म्हणजे तिला तसं वाटत होतं.

पाचव्या सकाळी, चार खेपा होऊन दोनशे ठसे सागाला पोचल्यावर, माबुची म्हणाला, "एकदा बघायचंय. छापताना."

किहेइ रेशनच्या रांगेत उभा राहायला गेला होता. इयोनं पाट पुसला. शेवटचं एक भांडं अभ्रक उरलं होतं. ते समुद्रशेवाळाच्या खळीत कालवलं, कापड ताणलेल्या गोल चौकटीवर कुंचल्यानं पसरलं, आणि चौकट ठशावर हलकेच टेकवत गेली. टप... टप... टप. मग कागद दोन्ही हातांनी ठशावर सोडला.

"आता तळवा. या, बसा इथे."

"मी? खराब होईल."

"होऊ दे. दाबायचं नाही हं. भांडी घासायला बसल्यासारखं नाही... गोंजारायचं. असं."

तिनं त्याचा हात मनगटाशी धरून कागदाच्या पाठीवर ठेवला, वर आपला हात ठेवला. त्याचे हात गार होते. दोघांचे हात मिळून गोल फिरायला लागले, मधून कडेकडे, कडेकडून मध्ये. खालच्या लाकडातली प्रत्येक खाच तळव्याला कळत होती. खोलीत आवाज तेवढाच, कागदावरून हात फिरतो तेवढाच. त्याचा श्वास तिच्या केसांवर येत होता. इयोला वाटलं, हा कागद संपूच नये.

आणि त्यानं हात काढून घेतला.

"इयो-सान, मला काहीतरी सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं."

ती ओठांत हसली. "सांगा की."

"रेघ... मी ओढली."

"कसली रेघ?"

"आग अडवायला रस्ता रुंद करायचा होता. उत्तरेकडची घरं पाडायची की दक्षिणेकडची, ते ठरायचं होतं. साहेबांनी मला पाहणी करून शिफारस लिहायला सांगितली. मी दोन दिवस दोन्ही बाजूंनी फिरलो. उत्तरेला तोमे सुईणीचं घर आहे. तीन खोल्या बाळंतिणींच्या. त्या आठवड्यात नऊ बायका होत्या तिथे. दोघी ओसाकाहून पळून आलेल्या, भाजलेल्या. मी लिहिलं... दक्षिण. साहेबांनी न वाचताच शिक्का मारला."

कागद अजून ठशावरच होता. इयोचे हात मांडीवर आले.

"आमच्या घरी काय आहे, ते बघितलं होतं तुम्ही?"

"बाहेरून. कागदाचं दुकान, माणसं दोन, असं लिहिलं होतं."

"आणि आता? आता तर आत येऊन बघितलंत. आता म्हणा, चुकलं."

तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. एवढं एक वाक्य तो बोलला असता, तर ती रडली असती, आणि कदाचित त्याच्याच खांद्यावर रडली असती. ती वाट बघत राहिली.

माबुचीनं चष्मा काढला. डोळे लाल झाले होते. "नाही म्हणता येत," तो म्हणाला. "पुन्हा लिहायची वेळ आली, तरी तेच लिहीन. तुमच्याशी खोटं बोलून तुमच्या शेजारी बसायचं नव्हतं मला."

"मग उठा."

तो उठला.

"गाडीपण न्या तुमची. उद्यापासून येऊ नका. एकशे बारा ठसे राहिलेत, त्यांचं आम्ही बघू. न्हाणीघराला द्यायचे की छातीशी धरून बसायचं, ते आमचं आम्ही ठरवू. जा!"

तो गेल्यावर तिनं कागद उचलला. फार वेळ राहिल्यानं तो ठशाला चिकटला होता, मधोमध फाटला.

सहाव्या दिवशी पहाटे करकर आली नाही. इयोनं शेजारून कावड मागितली, दोन्ही बाजूंना दहा दहा ठसे बांधले आणि निघाली. गल्लीच्या टोकापर्यंतही जाता आलं नाही. खांदा सोलवटला, एक दोर तुटला आणि दहा ठसे चिखलात पडले. ती रस्त्याच्या मधोमध बसून चिखलातला एकेक ठसा बाहीनं पुसायला लागली आणि मग भोकाड पसरून रडली. कोण बघतंय याचीसुद्धा फिकीर उरली नव्हती.

"रस्त्यात काय रडतेस? आत येऊन रड," कुणीतरी वरून म्हणालं.

तोमेमावशी होती, सुईण. सत्तरीची, हात कोपरापर्यंत लाल. नोटीस लागल्यापासून रस्त्याच्या दोन बाजू एकमेकींशी बोलत नव्हत्या. घरं जाणारे समोर बघत नव्हते, घरं वाचलेल्यांना बघवत नव्हतं. सहा दिवसांत रस्ता ओलांडून आलेली ही पहिलीच.

तिच्या घरात बार्लीची पेज शिजत होती आणि कुठल्याशा खोलीतून नुकत्याच जन्मलेल्या पोराचा आवाज येत होता, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. इयोनं कान झाकून घ्यावेत असं वाटूनही झाकले नाहीत.

"मला ठाऊक आहे," तोमे म्हणाली. "कुणी तरी कारकुनानं माझ्या बाळंतिणी मोजल्या, आणि मग शिक्का तुमच्यावर पडला. त्या माणसाला हात जोडावेत की त्याच्या तोंडावर थुंकावं, माझं अजून ठरत नाहीये. तुझं ठरलंय का?"

"थुंकावं," इयो म्हणाली. आणि मग पुन्हा रडायला लागली.

"अस्सं आहे होय!" तोमे पुटपुटली. तिनं एवढ्या जणींची बाळंतपणं केली होती, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. "बरं, ते तुझं तू बघ. हे लाकूड किती राहिलंय? बाळंतिणींच्या खोल्यांखाली दीड हात पोकळी आहे. रस्ता ओलांडायचा आहे फक्त, सागा कशाला गाठतेस?"

दुपारपर्यंत उत्तर बाजूच्या बायका एकेक करून बाहेर आल्या. मान खाली घालून, न बोलता. हातोहात एकशे बारा ठसे रस्ता ओलांडून गेले.

घर पाडायचा दिवस आठवा. आभाळ स्वच्छ होतं. आदल्या दिवशीच खांब बुंध्याशी करवतून ठेवले होते, छपराच्या तुळईला दोर बांधले होते. दोर ओढायला गल्लीतलीच माणसं. तसा नियमच होता. आज आपण त्यांचं ओढायचं, उद्या त्यांनी आपलं. माबुची शिट्टी घेऊन उभा होता. तीन दिवसांत त्याचे गाल बसले होते.

इयोनं दोराला हात घातला. आपलं घर आहे म्हणून तिला कुणी नको म्हणालं नाही.

सगळे तयार झाले. माबुचीनं शिट्टी तोंडात धरली. वाजलीच नाही. पुन्हा फुंकली, खोकला आला आणि तो छाती धरून वाकला. दोर धरून तीस माणसं उभी. कुणी हलेना.

किहेइ काठी टेकत पुढे आला. "दे इकडे," तो म्हणाला. त्यानं माबुचीच्या हातातून शिट्टी घेतली, सदऱ्याला पुसली. "आमच्या घरात कुठलंही काम अर्धवट सोडत नाहीत, बाळा."

आणि म्हाताऱ्यानं शिट्टी वाजवली, जोरात, हात थरथरत असतानाही सूर न कापता.

घर एकदम पडलं नाही. आधी कण्हलं, मग वाकलं, आणि मग खाली बसलं. धूळ उठली. ती धूळ चकाकत होती. दीडशे वर्षं जमिनीच्या फटींत, भिंतींच्या सांध्यांत जाऊन बसलेलं अभ्रक उन्हात वर आलं होतं, माणसांच्या केसांवर, भुवयांवर, रस्त्यावर बसत होतं. दोर ओढणारे दोर धरूनच वर बघत राहिले. इयोनं माबुचीकडे बघितलं. तोही सगळा चमकत होता, आणि रडत होता.

ती त्याच्याशी बोलली नाही. बापाला घेऊन ती सागाला गेली. जायला दुसरी जागाच नव्हती; ठसे तिथे होते, आणि त्याच्या बहिणीनं कोठीचा अर्धा भाग झाडून चटई घालून ठेवला होता.

दर रविवारी तो यायचा. लाकडं फोडायचा, विहिरीचं पाणी भरायचा, किहेइच्या पायांना शेक द्यायचा. इयो असली तर मान लववायचा, ती मान फिरवायची. एप्रिल गेला, मे गेला.

"घर पाडून झालं, आता कोठी मोजायला येतोस का रे?" किहेइ विचारायचा.

"नाही, काका."

"मग माझी लेक न्यायला येतोस की काय?"

त्यावर माबुची शेकाचं फडकं पुन्हा पिळायला लागायचा. आणि भिंतीपलीकडे डाळ निवडणाऱ्या इयोचे हात थांबायचे. किहेइला ते ऐकू यायचं.

"त्याला काय हवंय, मला कळतं," तो एकदा तिला म्हणाला. "तुला काय हवंय?"

"त्यानं एकदा म्हणावं. चुकलं म्हणून. एकदाच."

"आणि मग?"

"मग मी त्याच्याशी बोलेन."

किहेइनं उसासा टाकला. जूनच्या पावसात म्हाताऱ्याला ताप भरला आणि पाच दिवसांत तो गेला. चिता माबुचीनं रचली. दोघांनी मिळून अस्थी वेचल्या, एकच हाड दोघांच्या काड्यांनी धरून मडक्यात ठेवायचं, तशी रीत आहे. तेव्हाही ती बोलली नाही.

ऑगस्टच्या मध्याला भर दुपारी रेडिओवर सांगितलं, युद्ध संपलं. माबुचीची बहीण अंगणातच खाली बसली. तिचा नवरा आघाडीवर होता; तो परत येईल की नाही, ते आता कळायचं होतं. सिकाडा किडे ओरडत होते. तेवढाच आवाज.

तिसऱ्या दिवशी माबुची आला. रविवार नव्हता. चालत आला होता, टोपी नाही, सदरा घामानं पाठीला चिकटलेला. तो कोठीच्या पायरीवर बसला.

"आग आलीच नाही, इयो-सान."

ती दारात उभी होती.

"आपल्या रस्त्यावर एकही बॉम्ब पडला नाही. तोमेमावशीचं घर तसंही उभं राहिलंच असतं. तुमचंही. मी चौतीस घरं पाडली... चौतीस... आणि ती आग आलीच नाही! नुसतंच रिकामं मैदान झालंय तिथे. काल मी उभा होतो. तुमचं घर नेमकं कुठे होतं, मला सापडेना. मी स्वतः मोजलं होतं, आणि मला सापडेना."

त्याचे खांदे हलायला लागले. एका फुप्फुसाचा माणूस, रडताना त्याला श्वास पुरत नव्हता.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "चुकलं. तुमचे वडील घरात गेले असते, आपल्या पाटासमोर. चुकलं माझं, इयो-सान."

पाच महिने ती याच एका शब्दासाठी थांबली होती. रोज रात्री पडल्या पडल्या तिनं तो त्याच्या तोंडी घालून बघितला होता. आता त्यानं तो म्हटला, एकदा नाही, तीनदा म्हटला, आणि तिला जराही बरं वाटलं नाही. समोर बसलेला माणूस आतून ढासळत होता, आणि तिला तो हवा होता. उभा असलेला, हट्टी, खरं बोलणारा, तोच हवा होता.

ती पायरीवर त्याच्या शेजारी बसली. मार्चनंतर पहिल्यांदाच.

"नाही चुकलं," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"ऐका. तेव्हा ओसाका जळत होतं. नऊ बायका होत्या तिथे. आग येणार नाही, हे तुम्हाला कुणी येऊन सांगितलं होतं का? माझं घर गेलं, ते रोज आठवतं, उद्याही आठवेल. बाबा आठवतील. रागही येईल मला, मधूनच येईल, तेव्हा गप्प बसून घ्यायचं. पण तुम्ही लिहिलंत ते बरोबर होतं. मी असते, तर मीही तेच लिहिलं असतं."

त्यानं वर बघितलं. चष्म्यामागे डोळे सुजले होते. "खरं सांगताय?"

त्याच्याशी खोटं बोलून त्याच्या शेजारी बसायचं तिलाही नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी लिहिलं असतं की नाही, खरंच माहीत नाही मला. पण तुम्ही मला हवे आहात, कोसाकु-सान. आणि हे ऐकल्याशिवाय तुम्ही जगणार नाही, असं दिसतंय. म्हणून सांगतेय. रोज सांगावं लागलं, तर रोज सांगेन."

त्यानं तिचा हात घट्ट धरला. संध्याकाळी बहिणीनं तीन पानं वाढली, आणि तो त्या दिवशी शहरात परत गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याला ते पुन्हा सांगितलं. तिसऱ्या दिवशीही.